पुणे वाचले ते मावळात

मुंबईहून पुण्यावर फौज न्यायची तर सगळ्यात अवघड टप्पा बोरघाटाचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वर बसलेल्याच्या हाती खालच्याचा जीव. १७७८ च्या नोव्हेंबरअखेरीस कॅप्टन जेम्स स्टुअर्ट निवडक शिपायांच्या सहा कंपन्या घेऊन पुढे आला आणि त्याने हा घाट जवळजवळ विनासायास काबीज केला. त्याच्यामागून तोफांपुरता रस्ता तयार करत मुख्य इंग्रज फौज २३ डिसेंबरला खंडाळ्याला पोहोचली. आता पुणे उरले होते साधारण पासष्ट किलोमीटरांवर. वाटेत दुसरा घाट नव्हता. समोर इंद्रायणीचे उघडे खोरे होते, आणि ज्या शहरावर चालून जायचे त्या शहराभोवती तटही नव्हता. पेशवाईच्या गादीवर साडेचार वर्षांचे मूल होते. त्याचा चुलत आजोबा रघुनाथराव इंग्रजांच्या छावणीत होता आणि पुण्याचे सरदार आपल्याला येऊन मिळतील, असे सांगत होता.

यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच ही फौज वडगावात वेढली गेली आणि तिचे अधिकारी महादजी शिंद्यांकडे तहाची बोलणी लावू लागले. भारतात इंग्रजांनी गाजवलेल्या लढायांच्या याद्या आपण शाळेपासून घोकत आलो. त्याच इंग्रजांनी शरण येऊन तहावर सही केल्याचा हा प्रसंग मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. तो उरकण्यासारखा नाही. राजधानी कशाने वाचते आणि कशाने जाते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मावळातल्या त्या थोड्या दिवसांत मिळतात.

घरचा भेद आणि साष्टीची हाव

या स्वारीचे मूळ शनिवारवाड्यात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तरुण पेशवा नारायणराव वाड्यातच गारद्यांच्या हातून मारला गेला. संशयाचे बोट काका रघुनाथरावाकडे वळले. तो पेशवा झाला खरा, पण नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध एकजूट केली. हेच ते बारभाईंचे कारस्थान. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित नेण्यात आले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला. चाळीस दिवसांचे ते बाळ, सवाई माधवराव, पेशवा म्हणून जाहीर झाले आणि रघुनाथरावाचा गादीवरचा हक्क संपला.

मुंबईकर इंग्रजांची नजर कित्येक वर्षे साष्टी आणि वसईवर होती. मुंबई बेटाला धान्य, लाकूड आणि सुरक्षितता हवी, तर शेजारचा हा मुलूख हवा, हा त्यांचा सरळ हिशेब. १७७४ च्या डिसेंबरअखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. पुढच्या मार्चमध्ये सुरतेला रघुनाथरावाशी तह झाला. इंग्रजांनी फौज द्यायची आणि त्याने साष्टी, वसई व आजूबाजूची बेटे त्यांना तोडून द्यायची. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा परस्पर केलेला तह रुचला नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पुण्याला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. पण लंडनच्या संचालकांचा कल मुंबईकडे होता, आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी संधीची वाट पाहत होता.

संधी पुण्यानेच दिली. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुणे दरबारात आला आणि नानांनी त्याची बडदास्त ठेवली. फ्रेंचांना कोकणात बंदर मिळणार, ही धास्ती मुंबईला पुरेशी होती. त्यातच कारभाऱ्यांत फूट पडली. नानांचे चुलत बंधू मोरोबा फडणवीस यांनी १७७८ मध्ये काही काळ कारभार हाती घेतला, आणि त्यांचा कल रघुनाथरावाला परत आणण्याकडे होता. महादजी शिंदे परतल्यावर मोरोबा कैदेत गेले आणि नाना पुन्हा बसले. पण पुण्यात आपले मित्र आहेत, हा मुंबईचा समज कायम राहिला. २४ नोव्हेंबर १७७८ रोजी रघुनाथरावाशी नवा करार झाला आणि फौज निघाली.

साडेचार वर्षांचे मूल गादीवर, घरात दोन तट आणि दाराशी परका. पुण्याची खरी ताकद यानंतर दिसली, आणि ती तोफांच्या संख्येत नव्हती.

एकोणीस हजार बैल

इंग्रज फौज होती सुमारे ३,९०० लढणाऱ्यांची. त्यांत गोरे सहाशेच्या आसपास, बाकी बहुतेक देशी शिपाई. सामान वाहायला बैल होते एकोणीस हजार. एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल. शिवाय त्या बैलांना हाकणारे, त्यांना चारा घालणारे, बाजारबुणगे, नोकरचाकर आणि रघुनाथरावाचा लवाजमा. ही सगळी रांग अरुंद वाटेने पुढे सरकायची, तेव्हा आघाडीचा माणूस मुक्कामाला पोहोचला तरी शेवटचा बैल निघायचा असे. अशा फौजेला लढाईत हरवण्याची गरजच पडत नाही. तिचा दाणा आणि चारा थांबवला की ती आपल्याच भाराने बसते. पुण्याच्या कारभाऱ्यांनी नेमके हेच ओळखले.

नेतृत्वाची तऱ्हा आणखी वेगळी. फौजेचा सेनापती कर्नल चार्ल्स एगर्टन. त्याला युरोपातल्या लढायांचा अनुभव होता, या मुलखाचा नव्हता, आणि तब्येतही खालावलेली होती. शिवाय हुकूम एकट्या त्याचा चालायचा नाही. मोहिमेवर तिघांची कमिटी नेमलेली होती: एगर्टन, कौन्सिलातला जॉन कार्नॅक आणि पुण्याला वकील म्हणून राहिलेला थॉमस मॉस्टिन. पुण्याची माणसे, त्यांच्या चाली, त्यांची भाषा यांची जाण तिघांत एकट्या मॉस्टिनला होती. तो वाटेतच आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. उरलेल्या दोघांचे आपसांत पटेना.

उत्तरेकडून बंगालची मोठी फौज याच कामासाठी निघालेली होती. कर्नल लेस्ली बुंदेलखंडात रेंगाळला आणि तिथेच वारला. त्याच्या जागी आलेला कर्नल गॉडर्ड डिसेंबरच्या सुरुवातीला होशंगाबादजवळ नर्मदेवर होता. त्याची वाट पाहिली असती तर पुण्यावर दोन बाजूंनी चाल झाली असती. मुंबईकर थांबले नाहीत. पुणे आपण एकट्यानेच घेऊ, हा त्यांचा भरवसा होता आणि तो सगळा रघुनाथरावाच्या शब्दांवर उभा होता.

खोऱ्यातले दिवस

खंडाळ्याहून पुढे वाट इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते. दक्षिणेला लोहगड आणि विसापूर, उत्तरेला सह्याद्रीच्या सोंडा, मधे भातखाचरांचा पट्टा. डिसेंबर-जानेवारीत भात कापून झालेले असते, जमीन कोरडी आणि टणक, घोडदौडीला उत्तम. मराठ्यांची फौज महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या हाताखाली होती, आणि तोफखाना पानसे सरदारांचा. इंग्रजांच्या अंदाजाने मराठी फौज पन्नास हजारांच्या घरात होती. एवढे सैन्य असून महादजी-हरिपंतांनी समोरासमोरची मोठी लढाई दिली नाही. सकाळी घोडदळाच्या टोळ्या दिसायच्या, तोफांच्या पल्ल्याबाहेर घिरट्या घालायच्या, मागे राहिलेल्यांवर आणि चारा आणायला गेलेल्यांवर तुटून पडायच्या आणि पायदळाने फळी धरली की पांगायच्या. दुसरीकडे काही पथके बगलेच्या घाटांनी कोकणात उतरली आणि पनवेलहून वर येणारी इंग्रजांची रसद तोडू लागली.

इंग्रज फौज दिवसाला जेमतेम एक-दोन किलोमीटर सरकत होती. खंडाळा ते कार्ला हे अंतर एखाद्या माणसाने अर्ध्या दिवसात चालून जावे, त्याला या फौजेने अकरा दिवस घेतले. त्या अकरा दिवसांत रोज कोणी ना कोणी पडत होता. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. घाट घेणारा तोच, आघाडीला असणारा तोच. शत्रूनेही त्याच्या धडाडीची कदर केली आणि मराठी तोंडात त्याचे नाव 'इष्टूर फाकडा' होऊन राहिले. वडगाव मावळात त्याची समाधी आजही दाखवतात. आपल्यावर चालून आलेल्या माणसाच्या शौर्याला मान देणारा हा मुलूख, आणि त्याला पुढे जाऊ न देणाराही हाच.

स्टुअर्ट पडल्यावर दोन दिवसांनी, ६ जानेवारीला, एगर्टनने प्रकृतीचे कारण सांगून सेनापतिपद लेफ्टनंट कर्नल विल्यम कॉकबर्नकडे दिले. फौज ९ जानेवारीला तळेगावला पोहोचली. तिथे सामना होईल, निदान धान्य मिळेल, अशी अपेक्षा होती. गाव रिकामे होते. घरे जाळलेली, गंजी पेटवलेल्या, माणूस नाही, जनावर नाही. आणि बातम्या येत होत्या की पुढे चिंचवडचीही हीच गत होणार आणि वेळ पडली तर खुद्द पुणे जाळले जाणार.

इथे क्षणभर थांबायला हवे. कागदावर 'गाव उजाड केले' हे दोन-तीन शब्दांत बसते. त्यामागे काय असते ते शेतकऱ्याच्या घरात विचारावे. पौषात भात मळून झालेले, वर्षाची पोटगी कणगीत भरलेली, वैरण गंजीत रचलेली. ती आपल्या हाताने किंवा आपल्याच सरकारच्या माणसांच्या हाताने पेटवायची, बिछाना-भांडी बैलावर लादायची, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन डोंगराच्या कपारीला निघायचे. लढाईचा निकाल काहीही लागो, पुढचा पावसाळा या माणसांना उपाशीपोटी काढायचा होता. पुण्याचे रक्षण झाले त्यात महादजींची तलवार होती आणि नानांची बुद्धी होती. त्याबरोबर मावळातल्या या कुणब्यांच्या कणग्याही होत्या. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, म्हणून त्यांचा वाटा कमी होत नाही.

तळेगावचे तळे, वडगावचा वेढा

तळेगावला इंग्रज फौजेजवळ अजून अठरा दिवसांचे धान्य होते. पुणे राहिले होते अठरा मैलांवर, म्हणजे तीसएक किलोमीटर. हिशेबाने पाहता पुढे जाणे अशक्य नव्हते. तरीही कमिटीचा धीर सुटला, कारण ज्या एका गोष्टीवर सारी मोहीम उभी होती ती घडलीच नव्हती. खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत एकही मोठा सरदार रघुनाथरावाला येऊन मिळाला नाही. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की आधी एखादा मोठा विजय मिळवून दाखवा, मग माणसे येतील. माघार घेऊ नका, निदान थोडे थांबा, अशी विनवणीही त्याने केली. पण कार्नॅक आणि कॉकबर्न यांचा निर्णय झाला होता.

११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास माघार सुरू झाली. जड तोफा ओढत नेणे शक्य नव्हते, म्हणून त्या तळेगावच्या तळ्यात ढकलल्या. जादा सामानाची होळी केली. बोरघाटावरून ज्यांच्यासाठी रस्ता खोदला, ज्यांच्यासाठी हजारो बैल जुंपले, त्या तोफा एकही मोठे काम न करता तळ्याच्या गाळात गेल्या. गुपचूप सटकायचे, हा बेत होता. पण एवढा पसारा हलवायचा म्हणजे आवाज होणारच आणि सामानाच्या जाळाचा उजेड कोसभर दिसणारच. मराठ्यांचे हेर जागे होते. पहाटेच्या आत आघाडीवर गोळीबार सुरू झाला आणि थोड्याच वेळात पिछाडीवरही घोडदळ तुटून पडले.

त्या दिवशी इंग्रज फौज पुरती बुडाली नाही याचे श्रेय पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन जेम्स हार्टलेला आणि त्याच्या देशी शिपायांना. फळी न मोडता, एकेक पाऊल मागे घेत ते दिवसभर लढत राहिले. हे शिपाई याच मुलखातले, कोकणातले, सुरतेकडचे. पगार इंग्रजांचा घेत होते आणि समोर आपल्याच भाषेचे घोडेस्वार होते. या युद्धाची ही दुखरी बाजू आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. १२ तारखेला दुपारनंतर फौज कशीबशी वडगावला पोहोचली. तळेगावहून वडगाव जेमतेम पाच-सहा किलोमीटर. रात्र आणि दिवस मिळून एवढीच मजल झाली. बाजारबुणगे जीव मुठीत धरून गावात घुसले, जनावरे आणि माणसे एकमेकांत मिसळली आणि कोण कुठल्या पलटणीचा याचा मेळ राहिला नाही. चारही बाजूंनी मराठी फौज. १३ तारखेला उजाडताच गावावर तोफा सुरू झाल्या.

कॉकबर्नने सांगितले की यापुढे माघार अशक्य. हार्टलेचे मत वेगळे होते. अजूनही घाटापर्यंत लढत जाता येईल, असे त्याने सांगितले आणि त्यासाठी योजनाही मांडली. ती कुणी ऐकली नाही. कमिटीचा सचिव फार्मर तहाचे बोलणे करायला मराठ्यांच्या छावणीत गेला.

तह

नानांची पहिली अट एकच होती: रघुनाथराव आमच्या हवाली करा. ती मानण्याची वेळ इंग्रजांवर आलीच नाही. रघुनाथरावाने आधीच महादजींशी संधान बांधले होते आणि तो स्वतःच त्यांच्या आसऱ्याला गेला. इंग्रजांनाही नानांपेक्षा महादजींशी बोलणे सोयीचे वाटले, आणि इथून पुढे पंधरा वर्षे हिंदुस्थानच्या राजकारणात महादजींचे जे वजन वाढत गेले त्याची सुरुवात वडगावच्या या बोलण्यांत दिसते.

तीन-चार दिवसांच्या घासाघिशीनंतर तह ठरला. १७७३ नंतर इंग्रजांनी घेतलेला सगळा मुलूख, साष्टीसकट, परत करायचा. बंगालहून येणारी फौज मागे फिरवायची. भडोचचा हिस्सा शिंद्यांना द्यायचा आणि त्यांच्या माणसांना एक्केचाळीस हजार रुपये. हे सगळे होईपर्यंत फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट ओलीस राहणार. अटी मान्य झाल्यावर महादजींनी आपल्याच पहाऱ्यात उरलेली फौज घाटाकडे जाऊ दिली. वेढ्यात सापडलेल्या, दमलेल्या शत्रूची कत्तल करता आली असती. ती केली नाही. शब्द घेऊन सोडले. त्या काळच्या युद्धरीतीत ही मराठ्यांची सभ्यता होती आणि राजकारणाचा विचारही होता. मेलेल्या फौजेपेक्षा सही केलेला तह मोलाचा, असे त्यांना वाटले.

तो शब्द घाट उतरेपर्यंतच टिकला. बंगालच्या फौजेला मागे फिरण्याचा जो हुकूम वडगावातून गेला होता, तो कोकणात पाय टेकताच कमिटीने रद्द केला. मुंबई सरकारने जाहीर केले की आमच्या माणसांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता. कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जनेही तो नाकारला. एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नॅक यांना नोकरीतून काढले आणि हार्टलेला बढती मिळाली. हीसुद्धा इंग्रजांची एक रीत होती. मोहीम फसली की चूक कोणाची ते ठरवायचे, शिक्षा करायची आणि पुन्हा तयारीला लागायचे. पुण्याच्या दरबारात मात्र जुन्या फितुरीचे कागद बाहेर पडले. रघुनाथरावाला बोलावण्याच्या कटात ज्येष्ठ कारभारी सखारामबापूंचेही अंग होते असे दिसून आले. त्यांना कैदेत टाकण्यात आले आणि ते कैदेतच वारले. रघुनाथरावाला बुंदेलखंडाकडे नेत असताना तो नर्मदाकाठी रक्षकांच्या हातून निसटला आणि पुन्हा इंग्रजांकडे सुरतेला पोहोचला. वडगावला जे हाती आले होते त्यातला मोठा भाग सहा महिन्यांत हातचा गेला.

वैनगंगेच्या मुलखातून पाहताना

गोंदियाकडचा हा आपला वैनगंगेच्या खोऱ्याचा सगळा मुलूख त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इथून पाहिले तर मावळातली ही लढाई दूरची वाटते. पण तिचे धागे नागपूरपर्यंत आलेले होते. बंगालची फौज दख्खनेत उतरवायची तर मुधोजी भोसल्यांच्या मुलखातून वाट हवी होती. हेस्टिंग्जने त्यांना आपल्या बाजूला ओढण्यासाठी अलेक्झांडर एलियट नावाचा वकील पाठवला. तो ओडिशाकडून नागपूरच्या वाटेवर असताना सप्टेंबर १७७८ मध्ये छत्तीसगडातल्या सारंगढजवळ तापाने वारला. पुढे गॉडर्डने होशंगाबादच्या मुक्कामी मुधोजींशी बोलणी चालवली. इंग्रजांचे आमिष मोठे होते. सातारच्या गादीवर भोसले घराण्याचा हक्क उभा करायचा आणि पुण्याला शह द्यायचा.

मुधोजींनी गोड पत्रे पाठवली, वाट अडवली नाही, दाणागोटाही मिळू दिला, पण युतीवर सही केली नाही. पुण्याविरुद्ध उघड उभे राहिले नाहीत आणि पुण्यासाठी गॉडर्डला रोखलेही नाही. वडगावची बातमी कळल्यावर गॉडर्ड बऱ्हाणपुराहून झपाट्याने निघाला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेला पोहोचला. मराठ्यांच्या हातून जिंकलेली बाजू निसटली ती या चालीमुळे. नर्मदेवर नागपूरच्या फौजेने त्याची वाट धरली असती, तर वडगावच्या तहाला वेगळी किंमत आली असती. पुढे नाना, हैदरअली, निजाम आणि भोसले यांची इंग्रजांविरुद्ध जूट झाली, तेव्हाही बंगालवर निघालेली नागपूरची फौज कटकला रेंगाळली आणि हेस्टिंग्जचे पैसे घेऊन स्वस्थ राहिली. आपल्या मुलखाचा इतिहास अभिमानाने सांगताना हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पुन्हा बोरघाट

वडगाव हा योगायोग होता की रीत, याचा पडताळा दोन वर्षांत आला. गॉडर्डने गुजरातेत डभई आणि अहमदाबाद घेतले, ग्वाल्हेरचा किल्ला कॅप्टन पॉफॅमने घेतला आणि ११ डिसेंबर १७८० रोजी वसई पडली. तिच्या रक्षणासाठी झालेल्या लढाईत रामचंद्र गणेश कानडे धारातीर्थी पडले. आता गॉडर्ड पुण्याच्या दिशेने वळला. १७८१ च्या फेब्रुवारीत त्याने बोरघाट घेतला आणि घाटाखाली तळ दिला. एगर्टनपेक्षा तो कितीतरी कसलेला सेनानी होता, कमिटीचा जाच नव्हता आणि फौज ताजी होती.

नानांनी त्याला बोलण्यांत गुंतवून ठेवले. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर घाटावर उभे राहिले. परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरून पनवेलच्या वाटेवर रसदेच्या तांड्यांना झोडपू लागले. धान्य आणायला एकेका वेळी पलटणीच्या पलटणी पाठवाव्या लागत आणि त्या लढत जात, लढत येत. एप्रिलमध्ये गॉडर्डने माघारीचा निर्णय घेतला. पनवेलपर्यंतच्या तीन दिवसांच्या वाटेत मराठ्यांनी त्याला उसंत दिली नाही. चारशेहून जास्त माणसे मेली वा जखमी झाली. यावेळी तर पुण्याच्या रोखाने घाटमाथ्यापुढे मजलच पडली नाही. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण रघुनाथरावाचा पक्ष त्यांनी सोडला. पुढे वीस वर्षे इंग्रजांनी पुण्यावर फौज नेली नाही.

दोन वेगळे सेनापती, दोन वेगळ्या फौजा आणि निकाल एकच. म्हणजे एगर्टनचा आजार, कमिटीची भांडणे ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. मुख्य कारण पुण्याच्या बाजूला होते. शिंदे, होळकर, फडके, पटवर्धन यांचे आपसांतले हेवेदावे कमी नव्हते. नाना आणि महादजी यांचा एकमेकांवर पुरता विश्वास कधीच नव्हता. तरी त्या दोन हंगामांत प्रत्येकाने आपापली जागा धरली. कोणी अवेळी लढाई दिली नाही, कोणी शत्रूशी वेगळी सोयरीक केली नाही, आणि रघुनाथरावाने जी फितुरी होणारच म्हणून सांगितली होती ती रणांगणावर झाली नाही. शत्रूची सगळी मोहीम आपल्या फुटीवर आखलेली होती. फूट पडली नाही, म्हणून मोहीम बसली.

याचा उलटा पुरावाही इतिहासाने ठेवला आहे. १८०२ मध्ये होळकर आणि शिंदे पुण्याच्या वेशीवरच एकमेकांशी लढले. रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहावर सही केली. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यात शिरला, तेव्हा वाटेत त्याला अडवायला कोणी नव्हते. बापाला जे कित्येक वर्षांच्या धडपडीने मिळाले नाही, ते मुलाला एका सहीने मिळाले: इंग्रज संगिनींच्या आधाराने पुण्याची गादी. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईनंतर पुणे गेले, आणि त्याच महिन्याअखेरीस सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरची लढाईही इंग्रजांच्या बाजूने लागली. पुणे आणि नागपूर एकमेकांसाठी वेळेवर उभे राहिले नाहीत. दोघेही एकाच हंगामात गेले.

वडगावात आज महादजी शिंद्यांचे स्मारक आहे आणि त्यांचा तो मान रास्तच आहे. पण १७७९ चा धडा एका सेनानीपुरता नाही. त्या साली बोरघाट शत्रूच्या हाती होता, शहराला तट नव्हता, राजा लहान मूल होता, आणि तरी राजधानी वाचली. १८०३ मध्ये घाट आपला होता, पेशवा जाणता होता, शिंदे-होळकरांच्या कवायती पलटणी होत्या, आणि तरी ती गेली. राजधानीचे रक्षण घाट आणि तट करत नाहीत. ते तिच्या माणसांना करावे लागते, आणि तेही सगळ्यांनी मिळून, ऐन वेळी, आपला वाटा उचलून.